दर्यावर्दी नवऱ्याचं गाणं
बडोदे

चि. छकुलीस,

मर्चंट नेव्हीतलं स्थळ तुला पसंत आहे हे कळलं. सोबत धाडलेलं हळदीचं कोळीगीतही ऐकलं. नाखव्याच्या बायकोने काय तोंड भरून वाखाणलंय नवऱ्याला!

ते कौतुक खरंच आहे. पण करणारी कोण, ते नीट बघ. वेसावा असो की वरळी, कोळीवाड्यात मासळी आणतो पुरुष आणि बाजारात बसून विकते बाई. पैसा तिच्या हातातून फिरतो. शेजारणीचा घरधनीही पाण्यावरच, त्यामुळे वाट बघणारी एकटी पडत नाही. वादळाची बातमी आली की सगळ्याजणी एकाच ओट्यावर जमतात. नारळी पौर्णिमेला अख्खा वाडा दर्याला नारळ देतो. हे सगळं पाठीशी असतं, म्हणून तिचा गळा एवढा मोकळा लागतो.

आपल्या बडोद्याला ओखा, बिलिमोरा ही बंदरं होती ती गायकवाडांच्या राज्यात. आज मात्र कारेलीबागेतल्या तुझ्या इमारतीत बोटीवरचा नवरा बहुधा तुझ्या एकटीचाच असेल. इथली जुनी गुजराती म्हण सांगते, जावा बेटावर गेलेला परतत नाही, आणि परतलाच तर पिढ्यांना पुरेल एवढं धन आणतो. आता तसं काही राहिलं नाही. पगार पुष्कळदा करारापुरताच मिळतो, सुट्टीत नाही. सलग 11 महिन्यांहून अधिक काळ कोणाला जहाजावर ठेवू नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. तरी 2020मध्ये कोविडपायी जगभरात सुमारे 4 लाख खलाशी मुदत संपूनही जहाजांवर अडकले होते.

म्हणून सांगते, नोकरी सोडू नकोस. लग्नानंतर काही वर्षं तरी नाहीच नाही. घरखर्चाचे पैसे दरमहा कोणाच्या खात्यात येणार, हे त्याला आत्ताच विचार. भरती करणाऱ्या एजन्सीकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, तेही विचार. विचारताना संकोच नको. भला मुलगा असेल तर त्याला बरंच वाटेल, आणि मला तो भलाच वाटला.

आणखी एक. त्याच्या कंपनीतल्या दोघातिघांच्या बायकांचे नंबर त्याच्याकडून घे आणि साखरपुड्याआधी त्यांच्याशी मनमोकळं बोल. पुढे रात्री-अपरात्री तुला त्याच लागतील.

तुझी,
आत्या