न पाहिलेल्या पाखराचे देणे

परंपरेने घुबडाला लक्ष्मीचे वाहन केले आणि लोकव्यवहाराने त्यालाच अशुभ ठरवले. देशाच्या काही भागांत तर ऐन दिवाळीच्या सुमारास मंत्रतंत्रासाठी त्याचा जीव घेतला जातो. ज्याला देवीच्या पायाशी बसवायचे त्यालाच मारायचे, ही विसंगती उघड आहे, आणि तिचा निषेध करणेही सोपे आहे. पण ज्याला आपण पूजीतही नाही आणि मारीतही नाही, जो जगात आहे हेच आपल्याला ठाऊक नाही, अशा जिवाचे आपण काही देणे लागतो काय?

हा प्रश्न हवेतला नाही, आपल्या खानदेशच्या मातीतला आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला वीतभर पक्षी. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणाऱ्या ह्यूमसाहेबांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १८८४ नंतर मात्र त्याचा पत्ता लागेना. कर्नल माइनर्ट्झहागेन यांनी १९१४ साली गुजरातेत तो मिळवल्याचे सांगितले, पण ते खोटे निघाले; चोरलेल्या जुन्या नमुन्यावर त्यांनी नवी चिठ्ठी डकवली होती. अखेर पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, शहाद्याजवळच्या रानात, भर दिवसा रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. आमच्या नशिराबादेहून सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत जाऊन पोचेल, अशी ही जागा!

या ११३ वर्षांत त्याला कोणी राखले? रानातल्या आदिवासींनी त्याला पाहिले नसेल असे नव्हे; पुस्तकांनी मात्र त्याची आशा सोडली होती. त्याला राखले ते उभ्या राहिलेल्या रानाने. ते रान तुटले असते, तर आपण काय गमावले हेही आपल्याला कळले नसते. म्हणून मला वाटते, पाखरू राखणे म्हणजे आधी जागा राखणे. आणि जागा राखणे म्हणजे आपल्या ज्ञानाला सीमा आहे हे मान्य करणे.

कोणी म्हणेल, पिंगळा उंदीर खातो, शेतकऱ्याचा तो मित्रच. एवढे सांगितले की पुरे. युक्तिवाद खोटा नाही, पण लंगडा आहे. उंदराचे औषध स्वस्त झाले की मैत्री संपली! उपयोगावर उभा केलेला हक्क उपयोगाबरोबरच बुडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रानाच्या कडेला ज्याची चूल रानातल्याच काटक्यांवर पेटते, त्याने त्याग करायचा आणि आपण शहरगावच्या मंडळींनी फराळ करता करता त्याचे कौतुक करायचे, हा कुठला न्याय? न्याय नाहीच. राखणीचे ओझे त्याच्या एकट्याच्या माथी मारणारे पक्षिप्रेम हे प्रेम नव्हे. रान सर्वांचे असेल, तर त्याची किंमतही सर्वांनी मोजली पाहिजे.

तापीवरचे हतनूर धरण आपण आपल्यासाठी बांधले. तिथे हिवाळ्यात हिमालयापलीकडून बदके येतात, आणि आता ती जागा पक्ष्यांसाठी महत्त्वाची म्हणून जाणकारांनी नोंदली आहे. तिथे थवा डोळ्यांना दिसतो, म्हणून माया सहज उपजते. खरी परीक्षा जिथे काहीच दिसत नाही तिथे आहे. बांधावरचे जुने झाड पोकळ झाले, सुताराच्या कामाचे राहिले नाही, म्हणून आपण त्याला कुऱ्हाड लावतो. पिंगळे आणि रानपिंगळे घरटे करतात ते अशाच ढोलीत. ढोलीत कोण आहे हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. आणि ठाऊक नाही, एवढ्याच कारणासाठी हात आवरता आला, तर ते देणे थोडे तरी फिटेल.