त्यात काय एवढं?

सातारा-सांगलीकडच्या माणसाचे तोंडावर आभार मानून बघा. तो अवघडतो. नजर दुसरीकडे वळवतो, टोपी सारखी करतो आणि म्हणतो, "हॅ! त्यात काय एवढं?" जरा जवळचा असला तर उलट रागावतो, "आता आभार मानून परकं करता काय राव?" दोन बुकं शिकलेला असेल तर "मेन्शन नॉट" म्हणतो. कुठल्या साहेबाकडून हे उचललं देव जाणे, पण आपल्याकडे ते पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. तिन्ही उत्तरांचा मतलब एकच: तुमचे आभार आम्ही घेत नाही, आल्या पावली परत न्या.

याला आपण विनय म्हणतो. मला वाटतं, विनय मागाहून आला. आधी हिशेब होता आणि तो रानातला होता.

एकच बैल असलेला शेतकरी दुसऱ्या तसल्याच शेतकऱ्याशी पैरा करायचा. दोघांचे बैल मिळून एक औत. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. खुरपणी, काढणी, मळणी, सगळीकडे हाच कायदा. काम मोठं असलं, काळ्या रानातली नांगरट असली, की इर्जिक घालायची. आसपासचे शेतकरी आपापली बैलं घेऊन एका रानात उतरायचे, दिवसभर औतं चालायची आणि संध्याकाळी रानाचा मालक सगळ्यांना जेवू घालायचा. मजुरी नाही, कागद नाही. कोण कोणाकडे किती दिवस राबलं हे मात्र सगळ्यांच्या ध्यानात पक्कं असे. पैरा "फेडावा" लागे, आणि जो फेडत नसे त्याच्या रानात पुढच्या साली कोणी फिरकत नसे.

अशा व्यवहारात संध्याकाळी मालकाने पैरेकऱ्याचे आभार मानले असते, तर पैरेकरी चपापलाच असता. आभार मानतोय म्हणजे हा इथंच हिशेब मिटवतोय की काय? उद्या माझ्या रानात येणार ना? तिथे "त्यात काय एवढं" हे अगदी खरं उत्तर होतं, कारण परतफेड ठरलेली होती आणि तिची तारीखही जवळ होती. बायकांच्या राज्यातही तेच. शेजारणीकडून आमटी आलेली वाटी रिकामी परत द्यायची नाही. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आभाराचं काम ती साखर करायची. वाटी घेणारीही आत काय आहे ते बघून न बघितल्यासारखं करायची. देणं-घेणं थांबू द्यायचं नाही आणि बोलायचंही नाही, हे तिथलं सौजन्य.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाणारे एक गोष्ट विसरतात. पैरा बरोबरीच्या माणसांत व्हायचा. ज्याला बैल नाही, रान नाही, तो या वर्तुळात नव्हता. बलुतेदार खळ्यावर धान्य न्यायला यायचा तेव्हा ते त्याच्या वर्षभराच्या कामाचं मोल असायचं, तरी हात तोच जोडायचा. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांना तर स्वतःचा हक्क मागतानाही उपकार झाल्यासारखं वाकावं लागे. वरच्या माणसाचं उत्तर काय असे? बहुतेक वेळा काहीच नाही. फार तर "बरं बरं". आभाराला उत्तर न देणं हीसुद्धा एक भाषा आहे, आणि गावगाड्यात ती सगळ्यांना कळायची.

दानधर्माच्या परंपरेने या बाबतीत वेगळा विचार केला होता, निदान ग्रंथांत तरी. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला दान कसं द्यावं ते सांगतो, आणि त्यात श्रद्धेबरोबर लाजही घातली आहे. देणाऱ्याने लाजत द्यावं! आपल्याकडे ब्राह्मणाला जेवू घातल्यावर वर दक्षिणाही द्यायची पद्धत आहे. नीट पाहिलं तर ती देणाऱ्याने घेणाऱ्याचे मानलेले आभारच: तुम्ही घेतलंत म्हणून मला देता आलं. सज्जनगडावर देह ठेवलेल्या समर्थांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात भिक्षेवर एक अख्खा समास लिहिला. दारोदार फिरणारा भिक्षेच्या निमित्ताने माणसं ओळखतो, त्यामुळे घेणारा तिथे लाचार ठरत नाही. पहिल्या शतकातल्या रोममध्ये सेनेकाने उपकार या विषयावर सात भाग लिहिले. त्यातला त्याचा एक सल्ला असा की देणाऱ्याने दिलेलं लगेच विसरावं, घेणाऱ्याने कधीच विसरू नये. ऐकायला छान आहे. मला मात्र यात एक अडचण दिसते. देणारा खरोखर विसरला असेल, तर दहा वर्षांनी डोळ्यांत पाणी आणून समोर उभ्या राहिलेल्या माणसाला तो काय उत्तर देणार? "कोण आपण?"

या सगळ्याला वेगळं वळण दिलं ते विसाव्या शतकात, साताऱ्यात, भाऊराव पाटलांनी. ओगले काच कारखाना आणि किर्लोस्कर कारखाना यांच्यासाठी गावोगाव फिरती केलेला हा माणूस. रयतेची पोरं का शिकत नाहीत हे त्याने वाड्यावस्त्यांवर पाहिलं होतं. सांगलीजवळच्या दुधगावात १९१० साली विद्यार्थ्यांसाठी आश्रम निघाला, १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ साली संस्था साताऱ्याला आली. तिथल्या बोर्डिंगला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू छत्रपतींचं नाव मिळालं. वेगवेगळ्या जातींची पोरं तिथे एकत्र राहत, एकाच स्वयंपाकघरात रांधलेलं एकाच पंगतीत जेवत. शाळांच्या इतिहासात हे सगळं येतं. माझं लक्ष मात्र एका लहानशा प्रश्नावर अडतं: फुकट शिकणाऱ्या त्या पोराने आभार कोणाचे मानायचे?

भाऊरावांनी हा प्रश्न उद्भवूच नये अशी तजवीज केली. पोरं शेतात राबत, विहिरी खणत, इमारतींसाठी माती-दगड वाहत. "कमवा आणि शिका" ही योजना पैशाची चणचण भागवण्यासाठी होती हे खरंच, पण तिने आणखी एक काम केलं. पोराच्या मानेवरचं उपकाराचं जू उतरवलं. जेवणाच्या ताटाकडे बघताना त्याला आपल्या हातावरचे घट्टे दिसत. दुसऱ्या बाजूने, धान्य येई मुठीमुठीने. घरोघरची बाई दळण काढताना एक मूठ बोर्डिंगच्या नावाने बाजूला टाकी. ज्याने एकट्याने शंभर पोती दिली त्याच्या पायाशी वाकता येतं. हजार घरांच्या मुठी एकत्र झाल्यावर कोणापुढे वाकणार? १९४७ साली साताऱ्यात काढलेल्या कॉलेजला शिवछत्रपतींचं नाव दिलं होतं. एका धनिकाने भरघोस देणगी देऊ केली, पण नाव बदलण्याच्या अटीवर, आणि भाऊरावांनी "एक वेळ बापाचं नाव बदलीन" अशा अर्थाचं उत्तर देऊन ती परत केली, ही गोष्ट त्या भागात अजून सांगितली जाते. तिच्याकडे आपण शिवभक्तीची गोष्ट म्हणून बघतो. ती आभाराचीही आहे. इमारतीवर दात्याचं नाव कोरलं की पुढची शंभर वर्षं आत शिरणाऱ्या प्रत्येक पोराने न बोलता आभार मानत राहायचं.

एका व्यक्तीच्या बाबतीत मात्र ही व्यवस्था अपुरी पडली. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. बोर्डिंगात दाणा नसे तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिने एकेक करत गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. १९३० साली त्या वारल्या. ज्यांना त्यांनी रांधून वाढलं ती पोरं तेव्हा पोरंच होती. आभार मानण्याच्या वयाची झाली तोवर घ्यायला त्या नव्हत्या. ती पोरं पुढे काय करू शकत होती? अनेक जण त्याच संस्थेत मास्तर झाले, दुसऱ्यांच्या पोरांना शिकवू लागले. पैरा आता ज्याचा त्याला फिटत नव्हता, तिसऱ्याच्या रानात फिटत होता. माझ्या मते या भागाने आभाराच्या विचारात घातलेली सगळ्यात मोठी भर ही.

गाडगेबाबांची तऱ्हा याहून खडबडीत. ते कोणाला पाया पडू देत नसत. गावात यायचे, खराटा घ्यायचे, रस्ते झाडायचे, रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचे आणि कोणी हारतुरे घेऊन येण्याच्या आत पुढच्या गावाला गेलेले असायचे. कराडला १९५४ साली रयतचं कॉलेज निघालं त्याला त्यांचं नाव आहे. पण बाबांचं नाकारणं आणि आपलं "त्यात काय एवढं" यांत फरक आहे. बाबा पाय मागे घेत आणि पुढे काम ठेवत: पोरं शिकवा, कर्ज काढून सण करू नका. समोरच्याचे जोडलेले हात ते रिकामे सोडत नसत. आपण सोडतो.

१९८०च्या दशकात साताऱ्याच्या नरेंद्र दाभोलकरांनी, बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू, निळू फुले अशा मंडळींबरोबर सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला. "लग्नाची बेडी"चे प्रयोग गावोगाव करून पैसे जमवले आणि पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना मानधन सुरू केलं. नाव कोणाला सुचलं ठाऊक नाही, पण बेतलेलं फार हुशारीने आहे. मदत म्हटलं असतं तर कार्यकर्ता लाचार झाला असता, पगार म्हटलं असतं तर नोकर. समाजाने आभार मानले आणि कार्यकर्त्याने ते घेतले, एवढाच व्यवहार. आता "नको, त्यात काय एवढं" म्हणायची सोयच उरली नाही. म्हटलं तर घरी चूल पेटायची नाही.

आणि मग ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं. गावभागातून लोकांना बाहेर काढणाऱ्या होडीत एका बाईने जवानांच्या पायांना हात लावला, ती चित्रफीत देशभर फिरली. आजूबाजूच्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी आली, चटणी आली, लुगडी-चादरी आल्या. १५ तारखेला राखीपौर्णिमा होती. पूरग्रस्त भागात बायकांनी जवानांना राख्या बांधल्या. त्याच आठवड्यात पुढाऱ्यांचे फोटो चिकटवलेल्या मदतीच्या धान्याच्या पिशव्याही लोकांनी पाहिल्या. फोटो चिकटवणाऱ्याला आभार मानले जाईपर्यंतही धीर नव्हता.

या सगळ्यात पैऱ्याचा हिशेब पार कोलमडलेला दिसतो. होडीतला जवान कोणत्या राज्यातला, कोणत्या गावचा, त्या बाईला काय माहीत? त्याच्या रानात ती कधी खुरपायला जाणार? परतफेडीची एकही वाट तिच्यापुढे नव्हती. जवळ होतं ते एवढंच: वाकणं, हात लावणं, राखीचा दोरा बांधणं. अशा वेळी "अहो, आमची ड्युटीच आहे ही" असं म्हणून पाय मागे घेतले, तर तिचं देणं तिच्यापाशीच राहून जातं. पैऱ्याच्या काळात जे उत्तर बरोबरीचं होतं, ते अनोळखी माणसांच्या जगात नकळत वरचढ होऊन बसतं. राखीची युक्ती मला म्हणूनच पसंत पडते. हात पुढे केल्यावाचून ती बांधता येत नाही. घेणाऱ्याला घ्यावंच लागतं.

मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे मिशनचं रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकापर्यंतचे पेशंट तिथे येतात. अशाच एका वॉर्डात डिस्चार्जच्या दिवशी एक म्हातारी सिस्टरला फडक्यात बांधलेल्या शेंगा देऊ करत होती. सिस्टर घाईत होती. "आजी, हे कशाला? आमचं कामच आहे ते." म्हातारी गाठोडं हातात धरून कॉटच्या कडेला तशीच उभी राहिली. मग दुसरी, वयाने मोठी सिस्टर आली, तिने गाठ सोडली, एक शेंग फोडून तोंडात टाकली आणि विचारलं, "यंदा पाऊस कसाय तुमच्याकडं?" त्यावर म्हातारी जी बोलायला लागली ती थांबेना. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

कचेरीत असं शेंग फोडून चालत नाही, हे मान्य. तिथे "चहापाणी" नावाचं प्रकरण आभाराचंच सोंग घेऊन येतं, आणि प्रामाणिक कारकुनाला तोंड वाईट करून का होईना पण पिशवी परत द्यावी लागते. तरी पिशवी परत देताना शब्द ठेवून घेता येतात. "काम झालं ना? बरं झालं" एवढं म्हणायला कुठल्याही नियमाची आडकाठी नाही.

आणखी एक गोष्ट राहते. आभार घ्यावेत कसे याची चर्चा आपण करतो ती ज्यांचे आभार मानले जातात त्यांच्यापुरती. दर दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोड टोळ्या सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर येतात, फडाशेजारी पालं ठोकतात, पहाटेच्या थंडीत कोयते घेऊन रानात उतरतात आणि कारखान्याचा पट्टा पडला की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर टाकून परत जातात. शेतकऱ्याचं वर्षाचं पीक त्यांच्या हातून कारखान्यावर जातं. निघताना त्यांच्याशी मुकादम एकाच गोष्टीवर बोलतो: घेतलेली उचल फिटली की अंगावर राहिली.