सांधा

बारा फरश्यांचं कडं जुळवत होतो. मधे मोकळं दालन आणि त्याच्या चारी बाजूंनी फिरणारी वाट, प्रत्येक बाजूला चार फरश्या. अकरा बसल्या. बारावीने कोपऱ्यावर वळून पहिलीला भेटायचं, तर तिथे करंगळीचं नख जाईल एवढी तिरपी फट. प्रत्येक फरशी मी मोजून कापली होती, दोन इंच बाय दोन इंच. सुटी सुटी हातात घेऊन पाहिली तर एकीतही खोट दिसेना. शेवटी गुण्या लावला तेव्हा कळलं. कापताना पट्टी जरा सरकली होती आणि प्रत्येक फरशीची एक कड समोरच्या कडेपेक्षा अर्ध्या मिलिमीटरने जास्त भरत होती. सरळ वाटेत ही चूक जाणवली नव्हती. वाट फिरून स्वतःलाच भेटायला आली, तेव्हा ती उघडी पडली.

त्या रात्री काम तिथेच सोडलं, पण ती फट डोक्यातून जाईना.

या फरश्या एका खेळासाठी आहेत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ 1974 साली छापला गेला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठे जायचं, कोणतं दार उघडायचं हे ते ठरवतात, आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. सारीपाट उलगडला की सगळी घरं एकदम समोर येतात, बुद्धिबळाचा पटही पहिल्या चालीआधीच पुरा असतो. या खेळात पट आधी नसतोच. खेळाडू दार उघडतात, मग सांगणारा पुढची फरशी मांडतो. पायाखालची जमीन पाऊल टाकल्यावर तयार होते. म्हणून तुकडे सुटे हवेत आणि कोणताही तुकडा कोणत्याही तुकड्याला लागला पाहिजे. पटावरचा एक इंच म्हणजे पाच फूट असा हिशेब आहे, म्हणजे माझी एक फरशी ही दहा फूट बाय दहा फुटांची खोली झाली. भिंती मी जेमतेम अर्धा इंच उंच ठेवतो. खरी भिंत पलीकडचं झाकायला उभी असते. इथे मात्र सगळ्यांना आतलं दिसलं पाहिजे आणि सोंगटी हलवायला हात आत गेला पाहिजे.

डन्जन म्हणजे आपण तळघर, भुयार, अंधारकोठडी समजतो. मुळात तो शब्द फ्रेंच. ‘दोंजों’ म्हणजे किल्ल्याच्या आतला सगळ्यांत भक्कम, सगळ्यांत उंच बुरूज, जिथे धनी राहतो. त्याचं मूळ लॅटिनमधल्या धन्यासाठीच्या शब्दात आहे. आपला बालेकिल्ला तोच, कारण फारसीतल्या ‘बाला’चा अर्थ वरचा. पुढे इंग्रजीत या शब्दाने उतरण धरली आणि धन्याच्या माडीवरून तो कैद्याच्या कोठडीत जाऊन पोचला. आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूरच्या किल्ल्यावर गेलं की मला ही उतरण आठवते. 1568च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखानाने तो बांधला, पण लवकरच निजामशाहीने तो घेतला आणि गावाचं नाव फतेहाबाद ठेवलं. आज त्या तटावर उभं राहिलं की वारा आणि खालच्या दऱ्या एवढंच असतं. तरीही किल्ल्यावर आलेला प्रत्येक पोरगा आधी विचारतो ते भुयाराबद्दल. उंचावर येऊनही त्याला जमिनीखालचंच कुतूहल असतं. वर काय आहे ते सगळ्यांना दिसतं, आणि गोष्ट तर न दिसणाऱ्या जागेतच सुरू होते.

बीडकरांना खरं भुयार पाहायला लांब जावं लागत नाही. शहराबाहेर खजाना विहीर आहे, सोळाव्या शतकात निजामशाहीत सलाबतखानाने बांधलेली. तिच्या पोटात तीन भुयारं उघडतात. दोन पाणी आणतात, तिसरं ते शेताकडे नेतं. दुष्काळातही तिचं पाणी आटत नाही, असं आमच्याकडे अभिमानाने सांगतात. काठावरून आत पाहताना ते काळं तोंड दिसतं आणि त्याच्यामागे कुठवर काय आहे हे दिसत नाही. टंचाईच्या मुलखात माणसाने जमिनीखाली वाट काढली ती पाण्यासाठी. या वाटेवर राक्षस नाही, तिच्या टोकाला पिकाला पाजायचं पाणी आहे. माझ्या संचातलं पहिलं भुयार मी त्याच विहिरीवरून केलं. तीन फाटे असलेली फरशी, आणि तिच्या तळाशी निळ्या रंगावर चकाकणाऱ्या वॉर्निशचे दोन हात.

फरशी करायला फार काही लागत नाही. घट्ट, बारीक दाण्याचा फोम असला म्हणजे झालं. पॅकिंगचा थर्माकोल नको, तो कापताना मणी मणी होऊन सुटतो. रिफिल संपलेल्या बॉलपेनने दाबून दगडांच्या रेघा ओढायच्या. मग त्यावरून एक खरा दगड लोळवायचा. माझा दगड बिंदुसरेच्या पात्रातला, मुठीएवढा, एका अंगाने फुटलेला. त्याची फुटकी बाजू हलक्या हाताने फिरवली की फोमवर बारीक खड्डे उमटतात आणि बघता बघता तो फोम दगडासारखा दिसू लागतो. वरून काळ्या रंगात फेविकॉल कालवून एक हात. तो वाळला की ब्रश करड्या रंगात बुडवायचा, फडक्याला पुसून जवळजवळ कोरडा करायचा आणि वरवर फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो, रेघांमधला काळोख तसाच राहतो. दरवेळी हे होताना मी थांबून बघतो. सगळा दगड त्या न लागलेल्या रंगातून वर येतो.

सुट्या तुकड्यांनी प्रदेश मांडायची ही हौस जुनी आहे. 1812 साली प्रशियाच्या राजाला फॉन राइस्विट्झ नावाच्या माणसाने युद्धाच्या खेळाचं एक टेबल सादर केलं. त्यावर डोंगर, नद्या, गावं यांचे चौकोनी तुकडे हवे तसे मांडता येत. पुढे त्याच्या मुलाने हा खेळ नकाशावर आणला, तो सैन्यात रुजला आणि तुकडे मागे पडले. मला नेहमी वाटतं की तिथे काहीतरी गमावलं. नकाशा जमीन सांगतो, पण हाताला ती लागत नाही.

सांध्याची गोष्ट मात्र त्याहून कितीतरी जुनी, आणि ती आमच्या शहरातच उभी आहे. कंकालेश्वराचं मंदिर पाण्याच्या कुंडात आहे. अशा देवळांना लोक हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री तेराव्या शतकात यादवांचा मंत्री होता, पण ही बांधणी त्याच्याही आधीची. चुना न घालता, घडीव दगडाच्या खाचेत दगड बसवून आणि वजनाने वजन तोलून हे बांधकाम उभं राहतं. तिथल्या दगडांमधल्या रेघेवरून बोट फिरवताना माझी ती बारावी फरशी आठवली. त्या पाथरवटाला एकेक दगड चांगला घडवून भागणार नव्हतं. शेजारचा दगड कसा आहे हे मनात ठेवूनच त्याला छिन्नी धरावी लागली असणार.

फरश्या एकमेकींना धरून राहाव्यात म्हणून मी कडेला चुंबक बसवले. पहिल्या खेपेला ते चिकटवून टाकले, आणि निम्म्या फरश्या एकमेकींना दूर लोटू लागल्या, कारण समोरासमोर सारखीच टोकं आली. यावर उपाय आहे आणि तो फार देखणा आहे. चपट्या चुंबकाऐवजी गोळीसारखा चुंबक घ्यायचा आणि त्याच्याहून जरा मोठ्या खळग्यात मोकळा सोडायचा. दुसरी फरशी जवळ आली की आतली गोळी आपसूक फिरते, योग्य तोंड पुढे करते आणि टक् असा बारीक आवाज होतो. त्या खळग्यातली केसभर मोकळीक नसती तर एकही जोड लागला नसता.

आमच्या जिल्ह्यात सुट्या तुकड्यांचं घर ही खेळातली कल्पना नाही. दसरा झाला की गावंच्या गावं ऊसतोडीला निघतात. कारखान्याच्या तळावर बांबू रोवायचे, चटया बांधायच्या, वर ताडपत्री टाकायची, की कोपी तयार. हंगाम संपला की ती सोडायची. हजारो लेकरांची दिवाळी तिथेच होते. गावात पोरं मातीचे किल्ले करून त्यावर अळीव पेरतात, मावळे मांडतात, तेव्हा ही लेकरं फडात असतात.

गेल्या हंगामात आमच्या गल्लीतला दहा वर्षांचा एक मुलगा आजीजवळ राहिला होता. आईबाप तोडीला गेलेले. दुपारी शाळेतून आला की तो माझ्या टेबलाशी उभा राहायचा. एक दिवस मी सगळा डबा त्याच्यापुढे ओतला. त्याने वाट मांडली नाही. एकेक फरशीच्या खोल्या करून त्या समोरासमोर दोन रांगांत लावल्या, मधे रुंद जागा सोडली.

“भुयार का रे हे?” मी विचारलं.

“न्हाई काका, कोप्या हायेत. ही आमची. आन् मधी बैलं.”

मग त्याने त्यांच्या कोपीच्या दाराकडे बोट दाखवलं. मी केलेली दारं सगळी उंच, कमानीची. “एवढं मोठं नसतंय,” तो म्हणाला. “वाकून जावं लागतं. हितपत्तर.” त्याने भिंतीवर नखाने रेघ ओढली.

मी फोमचा नवा तुकडा घेतला. आधी गुण्या लावला, चारही कोपरे तपासले, आणि मग त्याच्या नखाच्या रेघेवर पट्टी धरली.