रिकामी बाटली कुणाची?

वस्तू वापरून झाली की आपला तिच्याशी संबंध संपला, असं आपण सगळ्याजणी धरून चालतो. मग ती असते तरी कुणाची? हरमलच्या किनाऱ्यावर हा प्रश्न पायात रुततो. पाहुणा पितो, बाटली वाळूत टाकतो आणि निघून जातो. काच टोचते ती रापण ओढणाऱ्याला.

गोवा सरकारने २०२४ मध्ये अविघटनशील कचऱ्यासाठी ठेव-परतावा योजना अधिसूचित केली. वस्तू घेताना थोडी ठेव भरायची, रिकामं वेष्टन परत दिलं की ती परत मिळते. निलगिरीतल्या सरकारी दारूदुकानांत २०२२ पासून बाटलीमागे १० रुपये असेच घेतले जातात.

काहीजणी म्हणतील, पैशासाठी केलं ते कसलं सत्कर्म? पण हे बक्षीस नव्हे, आपलेच पैसे आहेत. बाटली हातातून सुटली तरी जबाबदारी सुटलेली नाही, एवढीच आठवण ते देतात. शिवाय कुणी टाकलेली बाटली दुसऱ्याने उचलली, तर त्याच्या कष्टालाही मोल येतं.

खरा नीतीचा प्रश्न पुढेच आहे. परत घेण्याचं केंद्र कुठे असावं? ते म्हापशाला ठेवलं, तर हरमलच्या म्हातारीचं बसभाडंच ठेवीपेक्षा जास्त होईल. तिच्यापुरती ती ठेव म्हणजे दंडच! म्हणून जिथे विक्री तिथेच परती हवी. गावच्या दुकानदाराला रिकाम्या बाटल्या ठेवायला जागा लागेल, मेहनतीचे चार पैसेही द्यायला हवेत. भरलेले क्रेट घेऊन येणारी गाडी जाताना रिकामीच जाते, तिनेच त्या न्याव्यात. आपली बोहारीण जुने कपडे घ्यायला दारात यायची, म्हणून तर कपडे उकिरड्यावर जात नव्हते.

आपल्याकडे मुनींच्या पाच समित्यांत घेण्या-ठेवण्याची एक आणि टाकण्याची एक, अशा दोन वेगळ्या सांगितल्या आहेत: आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. टाकतानाही जागा निरखायची, तिथे जीव दुखावणार नाही ना ते बघायचं. आपण संसारी बायका, तेवढं काटेकोर आपल्याला जमणार नाही. पण दिशा तीच आहे. आणि जे व्रत एकट्याने पाळता येतं, ते गावाने पाळायचं तर वाट सोयीची करून द्यावी लागते. नुसता उपदेश पुरत नाही.

तोवर आपण एक करू या. दुकानात वस्तू हातात घेतानाच विचारायचं, "रिकामी झाली की परत घ्याल ना?" दुकानदार पहिल्यांदा हसेल. दहाजणींनी विचारलं, की माल आणणाऱ्याला तो स्वतःच विचारील.