सदाचार आधी की देवधर्म?

देवाचे भय नसेल तर मनुष्य सरळ वागणार नाही, असे आपण सहज म्हणून जातो. शास्त्रज्ञांचे संशोधन मात्र निराळे सुचविते; त्याकडे पाठ फिरविणे आम्हांस योग्य वाटत नाही.

चार्ल्स डार्विन यांनी मनुष्याच्या उत्पत्तीवरील आपल्या ग्रंथात १८७१ साली या प्रश्नाचा विचार केला. वाऱ्याने हललेल्या उघड्या छत्रीवर त्यांचा कुत्रा गुरगुरला. जणू कोणी परका तेथे अदृश्यपणे वावरत होता! हालचालीमागे न दिसणारा कर्ता कल्पिण्याच्या अशा वृत्तीत देवकल्पनेचे एक मूळ त्यांस दिसले. सदाचाराचे मूळ मात्र त्यांनी समूहाने राहणाऱ्या प्राण्यांच्या परस्परांविषयीच्या ओढीत शोधले. या ओढीस बुद्धीची व स्मृतीची जोड मिळाली की सदसद्विवेक उपजतो, असे त्यांचे म्हणणे.

पुढे २००३ साली सारा ब्रॉस्नन व फ्रान्स द वाल यांनी कॅपुचिन जातीच्या माकडांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. सारख्याच कामाबद्दल शेजारणीस द्राक्ष आणि आपणांस काकडी मिळते, असे दिसताच माकडिणी पुष्कळदा काकडी नाकारीत. या वर्तनाचा अर्थ लावण्यात मतभेद आहेत. तरी न्यायबुद्धीचा अंकुर पोथ्यांहून जुना असावा, असे मानण्यास जागा आहे.

मग देवळाचे प्रयोजन काय उरले? आमच्या मते, पुष्कळ उरले. कळपाची माया कुंपणापाशी थांबते. आपल्यांसाठी जीव देणाराच परक्याचा जीव घेतो. धर्माने ही माया अनोळखी अतिथीपर्यंत पोहोचविली. मात्र कधी कधी धर्माच्याच नावाने नवे कुंपणही घातले गेले, हे कबूल केले पाहिजे. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांस खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी उपोषण केले. रूढीस त्यांनी विवेकाने जाब विचारला, पण तो विठ्ठलाचा भक्त राहूनच. विवेक व भक्ती यांनी एकमेकींस सावरावयाचे असते ते असे.

ऋषीचे कूळ व नदीचे मूळ शोधू नये, अशी म्हण आहे. आम्ही म्हणतो, खुशाल शोधावे. झरा लहान निघाला म्हणून नदीचे पाणी तहान भागविण्याचे सोडत नाही. दर्शन घेऊन परतताना प्रत्येकाने स्वतःस इतकेच विचारावे: आपल्या मायेचे कुंपण आज तसूभर तरी पुढे सरकले काय?