मुक्या मारावरची गोळी

मुका मार लागला की अर्निका, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांत इतकं रुजलं आहे की त्यावर कुणी वादही घालत नाही. होमिओपॅथीवर एरवी फारसा भरवसा नसलेली माणसंही प्रवासाला निघताना ही छोटी बाटली बॅगेत टाकतात. मूल सायकलवरून पडलं, दाढ काढली, गड उतरून पाय भरून आले, की चार साखरगोळ्या जिभेवर. दोन-तीन दिवसांत ठणका कमी होतो, पुढे काळंनिळं पडलेलं पिवळं होतं, मग दिसेनासं होतं. गुण आला, असं सगळेच म्हणतात. माझं म्हणणं एवढंच की मुक्या मारावर गुण न येणारं औषध शोधूनही सापडायचं नाही. म्हणूनच अर्निका खरी की खोटी, याचा निकाल घरच्या अनुभवावर लागू शकत नाही.

मार लागल्यावर कातडीखाली जे घडतं ते नीट पाहण्यासारखं आहे. कातडी फाटत नाही, पण आतल्या बारीक केशवाहिन्या फुटतात आणि रक्त आजूबाजूला पाझरून साकळतं. डाग आधी तांबूस असतो, मग जांभळा-निळा होतो. तोवर शरीराच्या सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे पोचलेल्या असतात. त्या सांडलेल्या तांबड्या पेशी गिळतात आणि हिमोग्लोबिन फोडतात. त्यातून आधी बिलिव्हर्डिन हे हिरवं द्रव्य तयार होतं, त्यापासून बिलिरुबिन हे पिवळं. काविळीत डोळे पिवळे करतं ते हेच. उरलेलं लोह काही काळ तपकिरी छटेने मागे रेंगाळतं. साध्या डागाला पूर्ण जायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि हे सगळं गोळी न घेताही होतं. घरात मात्र गोळी सुरू केल्याचा दिवस लक्षात राहतो. सफाई कधी सुरू झाली ते कुणाला दिसत नाही, त्यामुळे श्रेय गोळीच्या खात्यावर जमा होतं.

इथे एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे, कारण बहुतेकांच्या मनात तिची गल्लत असते. अर्निका माँटाना ही खरीखुरी वनस्पती आहे. युरोपातल्या डोंगराळ कुरणांवर, आल्प्समध्ये आणि कार्पेथियन रांगांत ती उगवते. सूर्यफुलाच्या कुळातली, पिवळ्या फुलांची. पडल्या-झडल्यावर तिचा लेप लावण्याची तिथल्या लोकांची रीत होमिओपॅथीच्या आधीची आहे. तिच्यात हेलेनालिन नावाचं द्रव्य असतं, ते प्रयोगशाळेत दाह कमी करताना दिसतं. तेच द्रव्य विषारीही आहे. म्हणून ही वनस्पती पोटात घ्यायची नसते आणि उघड्या जखमेवर लावायची नसते. तिच्या अर्काचं जेल हाताच्या सांधेदुखीवर आयब्युप्रोफेनच्या जेलशी ताडून पाहिलं गेलं. 204 रुग्णांवरचा हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला आणि दोन्ही जेल सारखीच उपयोगी दिसली. वनस्पतीत काहीच दम नाही, असं मी म्हणत नाही.

पण घरातल्या बाटलीवर 30 किंवा 200 असा आकडा असतो, आणि सगळा प्रश्न त्या आकड्यात आहे. अर्काचा एक भाग घ्यायचा, 99 भाग द्रावकात मिसळायचा, झटके देत हलवायचा. ही एक पायरी. अशा तीस पायऱ्या केल्या की 30 पोटन्सी. हिशेब शाळेतल्या रसायनशास्त्राचा आहे. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा एखादा रेणू शिल्लक असण्याची शक्यता संपत येते, आणि त्यापुढे अजून अठरा पायऱ्या बाकी असतात. दोनशेची तर गोष्टच वेगळी. मलमाच्या ट्यूबमध्ये वनस्पती असते, गोळीत ती नसते. नाव एकच असल्यामुळे मलमाची पुण्याई गोळीला मिळते. ‘वनस्पतीचं औषध आहे, त्रास तर होणार नाही’ हे वाक्य गोळीपुरतं अर्धंच खरं आहे. त्रास होणार नाही, कारण वनस्पतीच नाही.

होमिओपॅथी सुरू करणाऱ्या हॅनेमनला यात दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. त्याचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ 1810 साली आला. रेणूंची संख्या मोजण्याचा पहिला अंदाज लोश्मिट या शास्त्रज्ञाने 1865 मध्ये मांडला, तेव्हा हॅनेमनला जाऊन बावीस वर्षं झाली होती. शिवाय त्याच्या काळातले इतर वैद्य रोग्याचं रक्त काढत, जळवा लावत, पाऱ्याची औषधं देत. त्यांच्या हातून निसटून साखरगोळ्यांकडे आलेला रोगी खरोखरच सुखात राहिला असेल. आपल्याला मात्र तो हिशेब ठाऊक आहे, आणि रक्त काढणारे वैद्यही आता राहिलेले नाहीत.

गोळीच्या चाचण्याही झाल्या आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूंवरचा मोठा अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. पाचशेहून अधिक धावपटूंनी नाव नोंदवलं होतं, निम्म्यांना अर्निका आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या नुसत्या गोळ्या. अंगदुखीत फरक पडला नाही. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज, डाग आणि वेदना यांवर 2003 मध्ये असाच अभ्यास आला, त्यातही अर्थपूर्ण फरक नव्हता. उलट बाजूचा दाखला द्यायचा तर 2006 मध्ये चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेच्या 29 रुग्णांवरचा एक अभ्यास आहे. संगणकाने मोजलेलं डागाचं क्षेत्रफळ काही दिवशी अर्निकावाल्यांत कमी भरलं, पण रुग्णांना आणि डॉक्टरांना डोळ्यांनी तो फरक जाणवला नव्हता. लहान अभ्यासात असं एखादं पारडं कधीतरी झुकतंच. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने 2015 मध्ये होमिओपॅथीच्या एकूण पुराव्याचा आढावा घेतला, आणि ती परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत मिळत नाही, असा निष्कर्ष काढला.

यावर नेहमीचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. समजा गोळीत काही नाही. तरी रडणारं मूल शांत होतं, आईचा जीव भांड्यात पडतो, खर्च थोडका. बिघडलं कुठे?

गुडघ्यावरच्या टेंगळापुरतं काहीच बिघडत नाही, हे मला मान्य आहे. बिघडतं ते वेगळ्या जागी. माझ्या ओळखीचे एक आजोबा, वय ऐंशीच्या आसपास, हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणारे. पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडले. कपाळाला टेंगूळ आलं, कानशील काळंनिळं झालं. घरच्यांनी बर्फ लावला, अर्निका सुरू केली, आठवड्याभरात डाग उतरला. घरच्यांच्या लेखी ते प्रकरण मिटलं. तीन आठवड्यांनी ते डावा पाय ओढत चालू लागले, बोलताना शब्द चुकायला लागले. म्हातारपण, असं सगळे म्हणाले. डॉक्टरांनी विचारलं, ‘एवढ्यात कुठे पडले होते का?’ आणि मुलगा म्हणाला, ‘नाही.’ तो खोटं बोलत नव्हता. पडण्यावर उपचार झाला होता, डाग गेला होता, म्हणून पडणंही विस्मरणात गेलं होतं. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त दिसलं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं, आजोबा सुधारले. वयस्कर माणसांत हा रक्तस्राव असाच सावकाश होतो, कधी आठवड्यांनी कळतो. गोळीने तो घडवला नव्हता आणि ती तो थांबवूही शकली नसती. पण ‘औषध चालू आहे’ या समाधानाने घरातली सावधगिरी संपवली.

डाग हा शरीराने धाडलेला निरोप असतो, आणि गोळी दिली की तो वाचायचा राहून जातो, ही माझी खरी तक्रार आहे. खेळणाऱ्या पोराच्या नडग्यांवर डाग असणारच. पण मार न लागता पाठीवर, पोटावर, मांड्यांवर डाग उठत असतील, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, ताप असेल, तर रक्तातल्या प्लेटलेट मोजायला हव्यात. कारण डेंग्यू असू शकतो, रक्ताचा दुसरा आजार असू शकतो. लहान मुलग्याला जराशा धक्क्याने सांध्यात मोठी सूज येत असेल तर हिमोफिलियाचा विचार करायला हवा. आणि एखाद्या बाईच्या दंडावर, पाठीवर पुन्हापुन्हा डाग दिसत असतील आणि ती दर वेळी ‘दार लागलं’ म्हणत असेल, तर तिला गोळी देऊन पाठवणं म्हणजे तिला एकटं सोडणं. तिथे कुणीतरी दार लोटून शांतपणे विचारायला हवं की घरी सगळं ठीक आहे ना.

हा प्रश्न विचारण्याची सर्वांत चांगली संधी, विचित्र वाटेल, पण होमिओपॅथी डॉक्टरांनाच आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत, वस्त्यांत माणूस पहिल्यांदा जातो तो बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीची पदवी घेतलेल्या डॉक्टरकडे. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करणाऱ्या या डॉक्टरांना मर्यादित ॲलोपॅथी औषधं देता यावीत म्हणून 2014 मध्ये राज्याने कायदा बदलला, त्यावरून डॉक्टरांच्या संघटनांत मोठा वाद झाला. त्या वादात मी इथे शिरत नाही. बीएचएमएसचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा आहे, त्यात शरीररचना, विकृतिशास्त्र, शस्त्रक्रिया हे विषय आहेत. डोक्याच्या माराची धोक्याची लक्षणं या डॉक्टरांना माहीत असतात, घरातल्या बाटलीला नसतात. होमिओपॅथीचा रोग्याशी तासभर बोलण्याचा बाणा मला मनापासून आवडतो. तो इथे कामी यावा.

म्हणून पडलेल्या माणसाला अर्निका द्यायचीच असेल तर डॉक्टरांनी दोन मिनिटं अधिक घ्यावीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, डोकं आपटलं का, उलटी झाली का, झापड येते का, पायावर भार देता येतो का, हे विचारावं. वयस्कर माणूस पडला कसा, घसरून की चक्कर येऊन, तेही विचारावं. आणि पडल्याची तारीख केसपेपरवर ठळक लिहून त्याची एक प्रत घरच्यांकडे द्यावी. तीन आठवड्यांनी दुसऱ्या डॉक्टरला हीच तारीख लागणार असते.