प्रवाहातील कर्ता आणि पाचवे कारण

इंडोनेशियातील कोमोडो बेटाच्या आसपासच्या सामुद्रधुन्यांतून पॅसिफिक महासागराचे पाणी हिंदी महासागराकडे सरकत असते, कारण पॅसिफिकच्या बाजूची सरासरी जलपातळी किंचित उंच आहे. या वहनात भरती-ओहोटीची भर पडली की अरुंद वाटांतल्या पाण्याला पुराच्या नदीची ओढ येते. तेथील बातू बोलाँग या खडकापाशी स्कूबा, म्हणजे पाठीवरच्या टाकीतील हवेवर श्वास घेत बुडी मारणारे पाणबुडे, प्रवाहाच्या आडोशालाच राहतात. कड ओलांडणारा पाणबुडा कधी कधी अधोगामी प्रवाहात, म्हणजे खडकाच्या भिंतीलगत खाली कोसळणाऱ्या पाण्यात, सापडतो आणि एरवी वर जाणारे त्याच्या उच्छ्वासाचे बुडबुडे त्याच्याच डोळ्यांदेखत खाली जाऊ लागतात.

अशा वेळी कर्ता कोण, हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. खुल्या निळ्या पाण्यात, जेथे तळ किंवा भिंत दिसत नाही, तेथे शरीर आणि पाणी एकाच वेगाने जात असल्याने आपण वाहत आहोत हे पाणबुड्याला जाणवतच नाही, आणि पायांच्या हालचाली चालू असल्याने आपणच पोहत आहोत असे त्याला वाटते. स्पिनोझाने 1674 मधील एका पत्रात, फेकलेल्या दगडाला जाणीव असती तर तोही स्वेच्छेने जात असल्याचे मानता, असे म्हटले आहे, ते येथे तंतोतंत लागू पडते. मात्र त्यावरून कर्तृत्व हा निव्वळ भ्रम ठरवणे घाईचे होईल, कारण त्या कोसळत्या पाण्यातही योग्य आणि अयोग्य कृती यांत जीवन-मरणाचे अंतर असते. सरळ वर झगडणारा दमतो आणि हवा संपवतो. घाबरून तरंगजाकिटात, म्हणजे हवा भरून तरंगशक्ती वाढवणाऱ्या जाकिटात, भरमसाट हवा भरणारा प्रवाहातून सुटताच, दाब घटून ती हवा प्रसरण पावत असल्याने, वर फेकला जातो आणि त्याने श्वास रोखलेला असल्यास त्याचे फुप्फुस फाटू शकते. शहाणपण बहुधा आडवे पोहून त्या पट्ट्याबाहेर पडण्यात असते.

गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणे म्हणजे साधने, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. शंकराचार्य येथे दैवाचा अर्थ डोळा आदी इंद्रियांना साहाय्य करणाऱ्या आदित्यादी देवता असा करतात. भरती-ओहोटीत सूर्याचाही वाटा असतो हे लक्षात घेता हा योगायोग गमतीचा आहे, पण त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. योगवासिष्ठाची भूमिका याहून कडक आहे: दैव म्हणजे पूर्वीच्या पौरुषाचे, अर्थात स्वप्रयत्नाचे, पिकलेले फळच. भरतीचे वेळापत्रक न पाहता उडी मारणाऱ्याच्या बाबतीत ते मान्य करता येईल, कारण त्याच्या संकटाचा एक भाग त्यानेच तासाभरापूर्वी निर्माण केलेला असतो. परंतु ज्या चंद्रामुळे पाणी हलते तो कोणाच्याही प्रयत्नाचे फळ नाही, आणि तेथे गीतेचे पाचवे कारण इतर चारांत विरघळवता येत नाही.

म्हणून कर्तृत्वाचे मोठे क्षेत्र पाण्याखाली नसून होडीवर असते, जेथे मार्गदर्शक पृष्ठभागावरची खळबळ पाहून बुडीची जागा बदलतो किंवा बुडीच रद्द करतो. विचित्र एवढेच, की रद्द झालेल्या बुडीत काय घडले असते हे कधीच सिद्ध होत नाही, आणि पैसे भरून आलेले प्रवासी त्या निर्णयाला बहुधा भित्रेपणाच म्हणतात.